बाहेरून इंजिनिअर

नशिराबाद
९ जुलै २०२३

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत, कोणी आजारी नाही, आणि मला काही मागायचंही नाही.

बातमी अशी की मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नाव घातलं. बाहेरून. आधी हसून घे, मग पुढे वाच.

नवलशेठकडे मी चौदा वर्षं साइट सांभाळतो, हे तुला माहीत आहेच. आता मोठ्या कामांवर सुपरवायझरकडे डिप्लोमा पाहिजे असं निघालं आहे. शेठ म्हणाले की प्रशील, तुझ्याशिवाय माझी भिंत उभी राहत नाही, पण कागदावर तू कुठेच नाहीस. एक तर कागद आण, नाहीतर मी इंजिनिअर आणतो आणि तू त्याच्या हाताखाली. अक्का, आजवर तीन इंजिनिअर मी शिकवून तयार केले. त्यातल्या एकाला शिडीची भीती वाटायची. त्याला हाताला धरून स्लॅबवर न्यायचो, तो खाली न बघता सही करायचा. काम माझं, सही त्याची.

जळगावला एका लस्सीच्या दुकानाच्या वर अभ्यासकेंद्र आहे. तिथले हितेंद्र सर भले माणूस वाटतात. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं आहे. कोर्स तीन वर्षांचा, पण साइटचा अनुभव असला तर त्यातली दोन वर्षं वजा.

अडचण एकच. पेपर तीन तास हाताने लिहायचे आहेत, आणि पंचवीस वर्षांत मी हाताने लिहिलं ते फक्त ‘वाळू दोन ब्रास’. म्हणून ठरवलं की तुला पत्रं लिहायची. तू शाळेतल्या पोरांना करतेस तशी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठव. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि ते मला ऐकू आलं असतं.

शिल्पा अंगणवाडीतून आताच आली, जयभीम सांगते आहे.

लाल शाई बेताने वापर, माया मात्र सढळ असू दे.

तुझा
प्रशील


देवपूर, धुळे
१८ जुलै २०२३

चि. प्रशील यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र तपासून सोबत जोडलं आहे. दहापैकी साडेतीन. ‘अभियांत्रिकी’ हा शब्द तू पाकिटावर, पाठवणाऱ्याच्या नावाखाली, चुकीचा लिहिलास. ज्या विषयात पारंगत व्हायचं त्याचं नाव तरी दुकानाच्या पाटीवर बघून लिहावं.

पत्र यांना वाचून दाखवलं. अनुभवाची दोन वर्षं वजा, हे ऐकून ते खूश झाले. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली आहे, तेव्हा विमान चालवायचा परवाना किती दिवसांत मिळेल, हे तुझ्या हितेंद्र सरांना विचार म्हणाले.

माझे प्रश्न साधे आहेत. लस्सीच्या दुकानावर प्रयोगशाळा कुठे आहे? काँक्रीटचा ठोकळा फोडून त्याची ताकद बघतात, असं तूच मला सांगितलं होतंस. तो ठोकळा पोस्टाने येणार का, आणि फुटून आला तर पास का नापास? धरण बांधायचा धडा ग्लासात शिकवतात का?

आता शेवटचा प्रश्न, आणि हा मी हसत विचारत नाही. या डिप्लोमाला मान्यता आहे का? चकचकीत पुस्तिकेत लिहिलेली नव्हे, खरी. नाव घालण्याआधी हे विचारायचं असतं. तू नंतर विचार, पण विचार.

लिहीत राहा. अक्षर वाईट आहे, पण हात थांबत नाही, हे चांगलं लक्षण आहे.

धाक आणि जिव्हाळा दोन्ही आहेत तसेच आहेत.

तुझी
अक्का


नशिराबाद
२६ नोव्हेंबर २०२३

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

प्रात्यक्षिकाचे दोन दिवस पार पडले. तुला आनंद होईल म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही बावीस विद्यार्थी. एक टाइल्सचा दुकानदार, एक पोलीस पाटील, चार ठेकेदारांचे भाचे, बाकी माझ्यासारखे. केंद्रात जमिनीचा उंचसखलपणा मोजायची एक दुर्बीण होती. तिला भिंगच नव्हतं. पोलीस पाटलांनी डोळा लावला आणि म्हणाले, सर, अंधार आहे. सर म्हणाले की समोर पट्टी दिसते आहे असं समजा आणि आकडा लिहा. अक्का, बावीसजणांनी बावीस आकडे लिहिले. पोलीस पाटलांनी लिहिलेल्या आकड्याप्रमाणे लस्सीचं दुकान तापी नदीच्या पात्रात येतं.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या साइटवरची दुर्बीण घेऊन गेलो आणि गच्चीवर सगळ्यांना शिकवलं. हितेंद्र सर मागे उभे राहून वहीत उतरवून घेत होते. जाताना म्हणाले की पुढच्या तुकडीलाही तुम्हीच या. म्हणजे विद्यार्थीही मीच आणि मास्तरही मीच. तुझ्या खात्यात असं चालतं का?

पण एक सांगायचं आहे, त्यावर हसू नकोस. पुस्तकं चांगली आहेत. केंद्राची नाहीत, मी जुन्या बाजारातून घेतली ती. बिस्किट घे, एका टोकाला धर आणि दुसऱ्या टोकावर बोट दाब. तडा वरून जातो. छज्जाही असाच भिंतीतून बाहेर आलेला असतो, म्हणून त्याची सळई वरच्या अंगाला टाकतात. ज्याच्या हाताखाली मी काम शिकलो त्या भटू मिस्त्रीने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, ‘वरच टाकानी शे, इचारू नको.’ मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं वरच टाकली. का टाकतो ते परवा कळलं. पुस्तक मिटून मी तसाच बसून राहिलो. शिल्पाला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आली.

मान्यतेचं विचारलं. सरांच्या खुर्चीमागे चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं आहे.

उत्तराची वाट बघतो. रागावलीस तरी जवळच्या माणसावर रागावतात तशी रागाव.

तुझा
प्रशील


देवपूर, धुळे
१४ जानेवारी २०२४

आयुष्मती शिल्पा हिस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. तुमच्या घरी फोन केला की तो उचलतो आणि मला छज्जा शिकवतो. बिस्किटाचा प्रयोग मी केला. बरोबर आहे. अर्धं बिस्किट चहात पडलं.

माझा एक जुना विद्यार्थी, अभिमन, नाशिकला तंत्रशिक्षणाच्या कार्यालयात आहे. त्याला त्या विद्यापीठाचं नाव कळवलं होतं. त्याने चौकशी करून सांगितलं की असा बाहेरून घेतलेला सिव्हिलचा डिप्लोमा सरकारी कामाला धरत नाहीत. परवान्यालाही नाही आणि नोकरीलाही नाही. मॅडम, भिंतीवर लावता येईल, म्हणाला, कारण खिळ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मी प्रशीलची टिंगल करते, तो माझा स्वभाव आहे आणि त्याला त्याची सवय आहे. पण हे त्याला लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. परीक्षा चार महिन्यांवर आहे. सांगू का? तू म्हणशील तसं करीन.

काळजी घे आणि या कागदाने चूल पेटव.

तुझी
अक्का


नशिराबाद
२३ जानेवारी २०२४

ती. अक्कांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. चुलीचं म्हणाल तर आमच्याकडे गॅस आहे. पत्र पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये ठेवलं आहे, ते रजिस्टर साहेब सोडून कोणी उघडत नाही, आणि साहेब येत नाहीत.

अक्का, एवढ्यात सांगू नका. तुम्ही लांब आहात, मी रोज बघते. कामावरून येतात, हातपाय धुतात आणि चहाच्या आधी पुस्तक घेतात. परवा कुकरची शिटी झाली तर मला आतला दाब समजावून सांगत बसले, डाळ करपली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. काहीतरी समजलं म्हणून हसताना मी त्यांना या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही म्हणता मान्यता नाही. त्यांच्या कुठल्या कामाला आजवर मान्यता होती? सही तर नेहमी दुसऱ्याचीच.

परीक्षा होऊ द्या. मग मी स्वतः सांगेन. शब्द देते.

तुमचा हात पाठीवर आहे, तो तसाच राहू द्या.

आपली
शिल्पा


नशिराबाद
१८ ऑगस्ट २०२४

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

पास झालो. पहिला वर्ग, अठ्ठ्याहत्तर टक्के.

मे महिन्यात पेपर झाले ते तुला फोनवर नीट सांगितलं नाही. पहिल्याच पेपराला हितेंद्र सरांनी फळ्यावर उत्तरं लिहून दिली आणि स्वतः लस्सी प्यायला खाली गेले. मी फळ्याकडे पाठ करून बसलो आणि तीन तास लिहिलं. माझ्या मनाचं लिहिलं, तुझी लाल शाई आठवून लिहिलं. सर परत आले आणि म्हणाले, कशाला हात दुखवून घेता? ज्यांनी फळ्यावरून उतरवलं त्यांना एकोणऐंशी टक्के. एक टक्का मला स्वतःच्या डोक्याचा दंड बसला.

मित्रांनी गावात फ्लेक्स लावला आहे. फोटोत मला काळा चष्मा चढवलाय आणि मागे एक उंच इमारत आहे, ती दुबईची असावी. खाली मोठ्या अक्षरांत ‘इंजि. प्रशील’. अभियांत्रिकी शब्द मी स्वतः तपासून दिला, तो बरोबर आहे. धुरपदा मावशी फ्लेक्सखाली उभी राहून म्हणाली, ‘आते तू पगारी इंजिनेर शे का बिनपगारी?’

पुढच्या महिन्यात सुपरवायझरच्या परवान्याचा अर्ज करतो. शिल्पा पेढे वाटताना गप्प गप्प होती. आनंद झाला की ती अशीच होते.

तुझ्या शाबासकीला उशीर चालणार नाही.

तुझा
प्रशील


नशिराबाद
२२ सप्टेंबर २०२४

मा. मुख्याध्यापिका, यांस,
स. न. वि. वि.

परवान्याच्या कार्यालयात गेलो होतो. कारकुनाने कागद हातात घेतला, विद्यापीठाचं नाव वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली. तेव्हाच ओळखलं. सरकारी कार्यालयात विनाकारण खुर्ची देत नाहीत. तो माणूस चांगला होता. म्हणाला, या महिन्यात असे तुम्ही चौथे. मग विचारलं, तुमच्या घरात कोणी शिकलेलं नव्हतं का आधी चौकशी करायला?

मी अभिमानाने सांगितलं की माझी मोठी बहीण मुख्याध्यापिका आहे.

घरी आलो तर शिल्पाने रजिस्टर आणून समोर ठेवलं. त्यात तुझं पत्र होतं. जानेवारीचं. मी पेपर लिहायच्या चार महिने आधीचं. शिल्पावर मी चिडलो नाही. ती माझ्याकडे बघून गप्प राहिली. तू धुळ्यात बसून गप्प राहिलीस आणि शाबासकीचं पत्रही पाठवलंस.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिडी लावून मी तो फ्लेक्स काढला. चौकात सगळे बघत होते. आता तो साइटवर सिमेंटच्या गोण्यांवर टाकला आहे. जाड आहे, पाणी आत जात नाही.

आणि आता एक जुनी गोष्ट लिहितो. १९९६ साली दहावीनंतर तंत्रनिकेतनाची यादी बघायला तू जळगावला गेली होतीस, कारण मला ताप होता. परत येऊन सांगितलंस की नाव नाही. दोन वर्षांनी भटू मिस्त्रीबरोबर मी त्याच तंत्रनिकेतनात गिलावा करायला गेलो. हजेरी लिहिताना तिथल्या बाबूने आडनाव ऐकून विचारलं, या आडनावाचा एक मुलगा आमच्या यादीत होता, आलाच नाही, तुमचा कोण? त्याने जुनं रजिस्टर काढून दाखवलं. अठ्ठाविसावं नाव होतं. मी त्याला म्हणालो, माझा कोणी नाही. आणि भिंतीला गिलावा केला. गुळगुळीत झाला, अजून टिकून आहे.

हे मी सव्वीस वर्षं बोललो नाही. वाटलं होतं, तुझं काही कारण असेल. आता वाटतं, तुला सवय आहे. माझ्या वतीने तू ठरवतेस आणि मला निकाल कळवतेस.

कळावे.

प्रशील


देवपूर, धुळे
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रशील यास,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

नाव होतं. अठ्ठाविसावंच होतं.

कारण तुला हवं आहे, तर जसं आहे तसं लिहिते. बाबांचं काम सुटलं होतं. माझ्या डी.एड.चं दुसरं वर्ष सुरू होणार होतं. त्या घरात एकाचंच शिक्षण होणार होतं, आणि तू मुलगा होतास. तुझं नाव यादीत आहे असं मी त्या संध्याकाळी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज बंद झालं असतं आणि महिन्याभरात स्थळ बघितलं असतं. बाबा वाईट नव्हते. आईही नव्हती. पण असंच झालं असतं. मी त्या यादीसमोर उभी राहिले, तुझं नाव दोनदा वाचलं, आणि बसस्टँडपर्यंत चालत येताना ठरवलं.

मी एकोणीस वर्षांची होते, हे मी सांगणार नाही. एकोणीस वर्षांच्या माणसाला खोटं काय ते कळतं.

नोकरी लागल्यावर तुला परत शिकवीन असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. नोकरी लागली तेव्हा तू गवंडीकाम करत होतास, तुझा हात चांगला चालतो असं सगळे म्हणत होते, आणि मला ते सोयीचं पडलं. तुझ्या डिप्लोमाची मी एवढी टिंगल का केली, ते आता तुझ्या लक्षात येईल. तू हसण्यावारी नेलंस की मला बरं वाटायचं.

या वर्षीचं खोटं मात्र तुझ्यासाठी होतं असं मला वाटत होतं. तुझं पत्र वाचल्यावर तेही खात्रीने सांगता येत नाही.

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती.

तुझी
अक्का


नशिराबाद
१५ जून २०२५

ती. अक्का हिस,
जयभीम. वि. वि.

आठ महिने पत्र नाही, फोनवरही शिल्पाच बोलत होती. मी लिहायला बसत होतो. पण दर वेळी पत्र तुला न होता बाबांना होत होतं, आणि त्यांचा पत्ता आता कोणाकडे नाही.

साइटवर नवलशेठनी दिपमाला मॅडमना आणलं. धरणगावच्या आहेत, पंचवीस वर्षांच्या. मी ठरवलं होतं की यांना काही सांगायचं नाही, आपटू दे. पहिल्याच दिवशी त्या शिडी चढून स्लॅबवर आल्या आणि एका ठिकाणची सळई खाली आहे म्हणून काम थांबवलं. ती चूक माझ्या माणसाने केली होती आणि मी पाहिली नव्हती. अक्का, आधी राग आला, मग फार बरं वाटलं. नंतर त्यांनी माझी अभ्यासाची वही पाहिली. म्हणाल्या, एवढं येतं तर खऱ्या कॉलेजात का जात नाही? धुळ्याला एका तंत्रनिकेतनात काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे. रोज जायचं, प्रयोगशाळा आहे, दुर्बिणीला भिंग आहे. मी स्वतः बघून आलो. दहावीचा दाखला लागतो. तिथला बाबू माझा १९९६चा दाखला उजेडात धरून बघत होता, नोट तपासतात तसा.

नवलशेठना धुळ्यात शाळेचं बांधकाम मिळालं आहे, तिथे मला पाठवत आहेत, मॅडमच्या हाताखाली. म्हणजे तीन वर्षं तुझ्या घरी राहावं लागेल. अर्ज मी भरला आहे, यादीही मीच बघितली.

तू त्या वर्षी खरं सांगितलं असतंस तर बाबांनी तुझं नाव कॉलेजातून काढलं असतं. हे मला पटलं आहे. राग तरीही आहे. दोन्ही एकाच घरात राहतील, तुझं घर मोठं आहे.

खाट लागेल आणि टेबल लागेल. सल्ला लागला तर मागेन.

तुझा
प्रशील


देवपूर, धुळे
८ फेब्रुवारी २०२६

आयुष्मती शिल्पा हिस,
सप्रेम जयभीम.

फोन न करता लिहिते आहे, कारण तुझा नवरा शेजारच्या खोलीत बसला आहे आणि या घराच्या भिंतींतून सगळं ऐकू जातं. भिंती कशा बांधल्या आहेत, यावर तो मला रोज व्याख्यान देतो.

त्याने तुला सांगितलं नसेल म्हणून सांगते. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा अख्खा वर्ग उभा राहिला. नवे सर आले असं वाटलं त्यांना. हा मागच्या बाकावर जाऊन बसला, तेव्हा कुठे ते बसले. एक मास्तर त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि त्याला ‘प्रशीलभाऊ, उभे राहा’ म्हणतात. वह्या घरी आणून तो यांना दाखवतो. हे अजून विमानाच्या परवान्याबद्दल विचारतात.

आमचं दोघांचं काय, असं तू परवा विचारलंस. पहिले दोन महिने तो माझ्याशी जेवणापुरतं बोलला. भाजी वाढ, पुरे, असं. मी त्याच्या ताटात वाढत राहिले आणि तोंड बंद ठेवलं. दुसरं काम मला जास्त जड गेलं, हे तुला पटेल. मग एके दिवशी त्याने येऊन विचारलं की तेव्हाच्या यादीत सत्ताविसावं नाव कोणाचं होतं, आठवतं का? मला आठवत नव्हतं. मला फक्त त्याचंच आठवत होतं. तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला आहे.

काल पहिल्या सत्राचा निकाल लागला. मी शाळेतून आले तर हा पायरीवर बसून हसत होता. गुणपत्रिका माझ्या हातात दिली. बाकी सगळे विषय पास आणि गणितात सत्तरपैकी एकवीस. नापास. तो म्हणाला, ‘अक्का, लस्सीवाल्या कॉलेजात बावीसच्या बावीस पास झालो होतो. एकही नापास नाही. इथे बघ, माणसाने बसून पेपर तपासलाय. सातवं उत्तर पानभर लिहिलंय, शेवटची ओळ चुकली, त्याचे दोन गुण दिलेत आणि चार कापलेत. बरोबर कापलेत.’ गुणपत्रिका त्याने खिशात घातली आणि आत जाऊन चहा मागितला. इंजिनिअर झाला तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता.

मे महिन्यात परत बसायचं आहे. दिपमाला मॅडम रविवारी येऊन शिकवणार आहेत, बाकीचे दिवस माझ्याकडे आहेत. आता थांबते. आतून हाक आली आहे. लॉगॅरिथमचं तिसरं गणित त्याला येत नाही, आणि तुला म्हणून सांगते, मलाही येत नाही.

तू उन्हाळ्यात इकडे ये. तोवर आठवण आणि ओढ, दोन्ही पोचती समज.

तुझी
अक्का